बिघडलेला पॉवर सप्लाय कसा तपासावा?

विद्यार्थ्यांनी स्वतःच्या हातांनी बांधलेल्या आणि वर्षभर वापरात राहिलेल्या उपकरणांत पॉवर सप्लायची गणना प्रथम करावी लागेल. घरात येणारी वीज २३० व्होल्ट दाबाची आणि सेकंदाला पन्नास वेळा आवर्तन पावणारी असते. प्रयोगाला मात्र कधी पाच व्होल्ट लागतात, कधी नऊ, कधी बारा, आणि तेही एकाच दिशेने वाहणारे. ही दोन टोके जुळवून देण्याचे काम पॉवर सप्लाय करतो. पुढच्या पट्टीवरील नॉब फिरवावा आणि सव्वा व्होल्टपासून सुमारे तेवीस व्होल्टपर्यंत हवा तो दाब घ्यावा, अशी त्याची योजना असते. आमच्या विज्ञान मंडळातील असा एक पॉवर सप्लाय दिवाळीच्या सुट्टीपूर्वी बिघडला. मुलांनी दोन नव्या आय.सी. आणून बसवल्या, तरी तो सुधारला नाही. मध्यंतरी आठवीतील एका विद्यार्थ्यावर बिघाडाचा ठपका ठेवण्यात आला आणि नोंदवहीत तशी नोंदही झाली. पुढे रीतसर मोजमापे घेतली तेव्हा वेगळीच हकीकत उघडकीस आली. बिघाड शोधण्याच्या शास्त्राला ती चांगले उदाहरण ठरेल असे वाटल्यावरून येथे सविस्तर देत आहोत.

प्रथम उपकरणाची रचना पाहू. आत शिरताच ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे अठरा व्होल्ट करतो. चार डायोडांचा पूल त्या उलटसुलट प्रवाहाला एका दिशेला लावतो. त्यानंतर ४७०० मायक्रोफॅरडचा मोठा कपॅसिटर प्रवाहातील चढउतार भरून काढतो. येथे एक प्रश्न विद्यार्थी नेहमी विचारतात : ट्रान्सफॉर्मर अठरा व्होल्टचा असताना कपॅसिटरवर पंचवीस व्होल्ट कसे येतात? याचे उत्तर असे, की अठरा हा आकडा सरासरीच्या एका विशिष्ट रीतीने काढलेला असतो, लाटेचा माथा त्याच्या १.४१ पट उंच असतो आणि कपॅसिटर त्या माथ्यापर्यंत भरतो. दोन डायोडांत मिळून दीडएक व्होल्ट खर्च होतात, पण भार नसताना ट्रान्सफॉर्मर स्वतःच थोडा अधिक दाब देतो. म्हणून पंचवीसच्या आसपासचे माप योग्य समजावे.

कपॅसिटरपुढे या उपकरणाचा प्राण, म्हणजे एल.एम. ३१७ ही आय.सी. रॉबर्ट डॉबकिन यांनी १९७६ साली अमेरिकेत नॅशनल सेमिकंडक्टर या कंपनीत असताना तिची आखणी केली. इतकी वर्षे लोटूनही ती आज कोठल्याही सुट्या भागांच्या दुकानात मिळते. तिला तीन पाय असतात. आपण त्यांना आवक, जावक आणि नियमन अशी नावे देऊ. आवक पायाला पंचवीस व्होल्ट मिळतात, जावक पायातून आपण वीज घेतो. नियमनाचा पाय आपल्या नॉबला जोडलेला असतो.

या आय.सी.चे कार्य एका वाक्यात सांगता येते : जावक पायाचा दाब नियमनाच्या पायापेक्षा सव्वा व्होल्टने अधिक ठेवायचा, यापलीकडे तिला काही कळत नाही. पाटावर बसलेला पाटकरी पाण्याची एकच खूण पाहतो, पाणी त्या खुणेखाली गेले की दार उचलतो आणि वर आले की दार टाकतो. शेतात ऊस आहे की जोंधळा, याची त्याला चौकशी नसते. तसेच हे आहे. जावक आणि नियमन या दोन पायांमध्ये २४० ओहमचा एक रोधक असतो. त्यावर सव्वा व्होल्ट कायम राहत असल्याने त्यातून सुमारे ५.२ मिलिअँपिअर प्रवाह सतत वाहतो. तोच प्रवाह पुढे ५००० ओहमच्या पोटेन्शिओमीटरमधून ऋण तारेकडे जातो. नॉब फिरवून आपण या दुसऱ्या मार्गाचा रोध वाढवला, की तेथील दाब वाढतो आणि त्यावर सव्वा व्होल्ट चढून जावक दाब मिळतो. ७२० ओहम ठेवले तर ५.२ मिलिअँपिअरने तेथे पावणेचार व्होल्ट पडतात, त्यांत सव्वा मिळवले की पाच. नॉबच्या फेऱ्यातील शेवटचा सहावा हिस्सा मात्र निष्फळ जातो, कारण आवक दाबच पंचवीस असताना सत्तावीस व्होल्ट कोठून यावेत? अनेकांना तो दोष वाटतो. तो दोष नव्हे.

आता बिघाडाकडे वळू. एके दिवशी काही मुलांनी पाच व्होल्टवर चालणारे एक छोटे मंडल या पॉवर सप्लायला जोडले. नॉब पाचाच्या खुणेवर होता. कळ दाबताच मंडलातून धूर निघाला. शेजारी उभ्या असलेल्या आठवीतील मुलाने प्रसंगावधान राखून नॉब झटकन शून्याच्या बाजूस आणला. धूर तर थांबला नाहीच, उलट आता खुद्द पॉवर सप्लायच्या पेटीतून करपल्याचा वास येऊ लागला. मग कोणीतरी प्लग काढला. नॉब जोराने फिरवल्यामुळे उपकरण जळले, असा निष्कर्ष सर्वांनी तेथल्या तेथे काढला.

पुढे मुलांनी आय.सी. बदलली. दाब पूर्वीप्रमाणेच तेवीस-चोवीस व्होल्टवर अडकलेला, नॉब फिरवून काही उपयोग नाही. नवी आय.सी.च सदोष असावी असे समजून त्यांनी तिसरी बसवली. "सर, हीसुद्धा खराब निघाली," असे सांगत मंडळी आमच्याकडे आली, तेव्हा त्यांच्या हातात चौथी आय.सी. आणण्यासाठी गोळा केलेली वर्गणी होती.

तपासणी सुरू करण्यापूर्वी दोन सूचना देणे आवश्यक आहे. पहिली अशी, की प्लग भिंतीतून प्रत्यक्ष काढल्याशिवाय झाकण उघडू नये. नुसती कळ बंद करून भागत नाही, कारण कळीच्या अलीकडच्या तारेत २३० व्होल्ट उभेच असतात. ट्रान्सफॉर्मरची पहिली बाजू, फ्यूज व कळ यांचे सर्व सांधे रबरी नळीने झाकलेले असले पाहिजेत, आणि तेथे विद्यार्थ्यांनी हात घालू नये. दुसरी अशी, की प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक राहते. काही लोक त्याच्या दोन टोकांवर स्क्रूड्रायव्हर ठेवून ठिणगी पाडतात. हा प्रकार रांगडा आहे, त्याने कपॅसिटरही दुखावतो आणि पापणीवर ठिणगी उडण्याचे भय असते. एक किलोओहम, एक वॅटचा रोधक दोन टोकांना अर्धा मिनिट लावून धरावा, म्हणजे काम शांतपणे होते.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांची एक जुनी युक्ती आम्ही येथे वापरली. भिंतीतील विजेच्या मार्गात जुन्या पद्धतीचा, तारेचा साठ वॅटचा बल्ब मालिकेत जोडून मग उपकरणाला वीज दिली. आत कोठे मोठा आखूडबंध असेल तर बल्ब झगझगीत पेटतो, आणि बाकी काही जळत नाही. आमचा बल्ब क्षणभर लुकलुकून विझल्यासारखा झाला. कपॅसिटर भरताना तेवढे घडायचेच. यावरून ट्रान्सफॉर्मर व डायोड यांच्याविषयी बरीच निश्चिंती झाली. नंतर बल्ब काढून कपॅसिटरवरील दाब मोजला : २५.२ व्होल्ट. मात्र भार नसताना घेतलेल्या या मापावरून कपॅसिटर सुकलेला आहे की नाही हे कळत नाही, हे ध्यानात ठेवावे.

यानंतरची मापे महत्त्वाची. मल्टिमीटरची एक तार ऋण टोकाला कायम अडकवून दुसरीने ठिकठिकाणी स्पर्श करण्याची पद्धत रूढ आहे. आम्ही मुलांना वेगळी रीत घ्यायला लावली. आय.सी.च्या दोन-दोन पायांमधील अंतर मोजा, असे सांगितले. कारण तिचे कर्तव्यच मुळी दोन पायांमधील अंतर राखण्याचे आहे. आवक आणि जावक यांमध्ये १.८ व्होल्ट भरले. जावक आणि नियमन यांमध्ये जवळजवळ शून्य.

या दोन आकड्यांचा अर्थ लावण्यासाठी थोडे थांबून विचार केला पाहिजे. आय.सी. निरोगी असेल आणि भोवतालचे मंडलही ठीक असेल, तर जावक व नियमन यांमध्ये नेहमी १.२५ व्होल्ट भरतील, नॉब कोठेही असो. आय.सी. आतून जळून तिची आवक व जावक एकजीव झाली असेल, तर त्या दोहोंमधील अंतर शून्य होईल. जावक व नियमन यांमध्ये मात्र सव्वाऐवजी भलताच आकडा येईल आणि तो नॉबबरोबर बदलत राहील, कारण आता पंचवीस व्होल्टची वाटणी केवळ दोन रोधकांमध्ये होत आहे. आमच्या मापांत याच्या नेमके उलट दिसत होते. आवक-जावक अंतर १.८ व्होल्ट, म्हणजे ही आय.सी. जिवंत होती आणि दार पूर्ण उघडून बसली होती. पूर्ण उघड्या दारातही तिला दीड-दोन व्होल्ट स्वतःसाठी लागतातच. तिने दार पूर्ण का उघडले असावे? नियमनाचा पाय ऋण तारेपासून तुटला होता म्हणून. तसे झाले की तो पाय २४० ओहमच्या रोधकातून जावक पायाच्याच पाठोपाठ वर चढतो. आय.सी. जावक दाब वाढवते, नियमनाचा दाबही तितकाच वाढतो आणि सव्वा व्होल्टचे अंतर काही पडत नाही. स्वतःच्या सावलीवर पाय ठेवायला धावणाऱ्या पोरासारखी तिची गत होते, आणि दाब जेथवर जाऊ शकतो तेथवर जाऊन थांबतो.

तर्क खरा की खोटा हे ठरवायला एक साधा प्रयोग पुरला. प्लग काढला, पोटेन्शिओमीटरची तार सोडवली आणि त्याच्या जागी ६८० ओहमचा रोधक डाख लावून बसवला. करपलेल्या २४० ओहमच्या जागीही नवा घातला. हिशेबाने ४.८ व्होल्ट यावयास हवे होते. मीटरने ४.८ दाखवले. मुलांनी टाकून दिलेली दुसरी आय.सी.ही त्याच जागी लावून पाहिली. तीही पूर्ण निर्दोष होती! मूळची, पहिली आय.सी. मात्र डब्यातून शोधून काढून ओहम मोजले, तेव्हा तिच्या आवक व जावक पायांमध्ये दोन्ही दिशांनी एक ओहमसुद्धा भरला नाही. ती खरोखर जळालेली होती.

म्हणजे एकाच लक्षणामागे एकामागून एक अशी दोन कारणे उभी होती. पहिले दूर झाले तरी दुसरे तेच लक्षण दाखवीत राहिले, आणि केवळ बाहेरचा दाब पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसले नाही. एवढा एक आकडा सोडून आणखी एक आकडा मोजला असता, तर पहिल्या नव्या आय.सी.लाच बिघाड पुढे सरकल्याचे कळले असते.

पोटेन्शिओमीटर उघडला तेव्हा कार्बनच्या पट्ट्यावर ऋण टोकाजवळ केसाएवढी काळी रेघ दिसली. तेथे पट्टा जळून तुटला होता. त्याची ओहममापेही मनोरंजक आहेत. सरकता संपर्क आणि मोकळे टोक यांमध्ये मोजले, तर नॉब फिरवताच आकडा सुरेख कमीजास्त होई. एवढ्यावर थांबणाऱ्याने पोटेन्शिओमीटर चांगला असल्याचा निर्वाळा दिला असता. सरकता संपर्क व ऋण टोक यांमध्ये मात्र काही केल्या जोड मिळेना. तिन्ही टोकांच्या तिन्ही जोड्या मोजल्याशिवाय या भागाविषयी मत देऊ नये. २४० ओहमच्या रोधकाचे लाल-पिवळे-तपकिरी पट्टे ओळखू न येण्याइतके काळवंडले होते, आणि त्याचा एक पाय सोडवून मोजल्यावर तीनशेच्या वर ओहम भरले. पाय न सोडवता मोजले असते तर आय.सी.मधून जाणारा प्रवाहही हिशेबात शिरला असता.

हे दोन भाग का जळले? येथेच आठव्या इयत्तेतील त्या मुलाचा प्रश्न येतो. आय.सी. आधीच एकजीव झालेली असताना नॉब पाचाच्या खुणेवर होता, तेव्हा पंचवीस व्होल्ट २४० आणि ७२० या दोन रोधांवर पडून २६ मिलिअँपिअर वाहत होते. नॉब खाली आणला, तसा रोध कमी होऊन प्रवाह वाढला. पट्ट्याचे २४० ओहम उरले त्या क्षणी प्रवाह ५२ मिलिअँपिअर झाला. पट्ट्याच्या विसाव्या हिश्श्यावर ०.६५ वॅट उष्णता पडली. असल्या लहान पोटेन्शिओमीटरचा अख्खा पट्टा मिळूनही एवढी उष्णता सोसत नाही. नॉब अगदी तळाला गेला तेव्हा सगळे पंचवीस व्होल्ट पाव वॅटच्या त्या बिचाऱ्या रोधकावर आले. प्रवाह शंभर मिलिअँपिअर, उष्णता अडीच वॅटहून अधिक, म्हणजे त्याच्या शक्तीच्या दसपट. खुणांच्या पट्टीवर जेथे 'कमी' लिहिले आहे, तेथेच आतले भाग सर्वांत अधिक तापत होते. मुलाने पट्टीवर विश्वास ठेवला, यात त्याचा अपराध तो कोणता? नोंदवहीतील त्याच्या नावाची ओळ खोडून मुलांनी तेथे वरील आकडे लिहिले. ती आकडेमोड त्याच्याकडूनच करवून घेतली, हे विशेष.

मग मूळची आय.सी. केव्हा आणि कशाने जळाली? विचारपूस करता आदल्या आठवड्यातील एक गोष्ट निघाली. ध्वनिक्षेपकाची बारा व्होल्टची बॅटरी भारित करण्यासाठी काही मुलांनी ती पॉवर सप्लायला जोडली होती. त्यांनी आधी बॅटरी जोडली आणि मग कळ दाबली. काही मिनिटांतच ट्रान्सफॉर्मर गुरगुरू लागून तापला, म्हणून त्यांनी बॅटरी सोडवून ठेवली व तो विषय तेथेच संपला. आमच्या मते आय.सी. त्याच वेळी गेली. कळ बंद असताना मोठा कपॅसिटर रिकामा होता. बॅटरी लावताच तिचा प्रवाह जावकेतून शिरून आवकेकडे, म्हणजे आय.सी.मधून उलट्या वाटेने, त्या रिकाम्या कपॅसिटरकडे धावला. मार्गातील सगळा रोध मिळून अर्धा ओहम धरला, तरी हा लोंढा क्षणभर वीस अँपिअरच्या घरात जातो. आय.सी. दीड अँपिअरसाठी घडवलेली आहे, आणि तेही सुलट दिशेने. ट्रान्सफॉर्मरच्या गुरगुरण्याचाही उलगडा होतो : मधले दार जळून गेल्यावर बॅटरी जवळजवळ सरळ डायोडांनाच जोडली गेली होती.

या प्रसंगावर उपाय आय.सी. बनवणारे आपल्या माहितीपत्रकात देतात. जावकेपासून आवकेकडे एक डायोड लावायचा. नेहमी तो निजलेला असतो. जावक दाब आवकेहून वर गेला की जागा होतो आणि उलटा लोंढा आय.सी.ला वळसा घालून नेतो. ज्या आकृतीवरून मुलांनी हे उपकरण बांधले तीत हा डायोड दाखवलेला नव्हता. काही रुपयांचा हा भाग वगळून छापलेल्या अशा आकृत्या पुष्कळ आढळतात, हे खेदाने नमूद करावे लागते. आम्ही तेथे तीन अँपिअरचा १ एन ५४०८ हा डायोड बसवला आणि बॅटरीसाठी वेगळी जोडणी काढून तिच्या मार्गात दुसरा डायोड घातला, म्हणजे बॅटरीची वीज मागे फिरणारच नाही.

नव्या आय.सी.ची जोडणी करताना एका बाबतीत फार दक्षता लागते. तिची धातूची पाठ आतून जावक पायाला जोडलेली असते. तीच उघडी पाठ धातूच्या पेटीवर आवळली आणि पेटी ऋण तारेला जोडलेली असली, तर जावकेचा थेट आखूडबंध होतो. मध्ये अभ्रकाची चकती व स्क्रूभोवती प्लॅस्टिकची टोपी असावी लागते. तीन वेळा काढघाल झाल्याने आमची चकती चिरली होती. ती बदलली, आणि वीज देण्यापूर्वी पाठ व पेटी यांमधील ओहम मोजून खात्री केली. ऋण तारेकडील पोटेन्शिओमीटरचे टोक कोरड्या सांध्याने सुटले तरी दाब असाच वर धावतो, म्हणून तेथील डाख चकचकीत आणि भरपूर असावा. बेळगावसारख्या ठिकाणी पावसाळ्यात दमटपणाने सरकता संपर्क गंजून क्षणभर सुटतो, आणि नॉब फिरवताना मीटरचा आकडा मध्येच उसळी घेतो. अशी उसळी दिसल्यास तो भाग पुसत बसू नये, सरळ बदलावा.

शेवटची परीक्षा भाराची. स्कूटरच्या दिशादर्शक दिव्याचा बारा व्होल्ट, दहा वॅटचा बल्ब जावकेला लावला. तो सुमारे ०.८ अँपिअर घेतो. दाब १२.० वरून ११.९ वर आला आणि तेथेच स्थिरावला. मोठा कपॅसिटर सुकलेला असता तर बल्ब लागताच दाब बराच खाली बसला असता. आय.सी.मध्ये या वेळी नऊएक वॅट उष्णता होत होती, म्हणून तिच्या मागची ॲल्युमिनियमची पंखेवजा पट्टी हाताला चांगली ऊन लागली. पाच व्होल्टवर एक अँपिअर घेतला तर हीच उष्णता सतरा वॅटच्या जवळ जाते. अशा वेळी काही मिनिटांनी दाब आपोआप घसरतो आणि थंड झाल्यावर पूर्ववत होतो; आय.सी. स्वतःला वाचवीत असते, तिला बदलण्याची घाई करू नये. पंधरा मिनिटे बल्ब जळत ठेवून मुलांनी दर मिनिटाला जावक व नियमन यांमधील अंतर टिपले. पंधराही ओळींत १.२५ हाच आकडा आहे, आणि उरलेल्या वर्गणीतून आणलेली चौथी आय.सी. न उघडलेल्या पाकिटात कपाटात पडून आहे.